एकसारखे शंभर छर्रे

२० जानेवारी १९७४, रविवार

नोंद व्हावी — आज सकाळी माझ्या अडकित्त्याचा निर्घृण छळ झाला!

सोळा वर्षे हा अडकित्ता माझ्या सेवेत आहे. सुपारीखेरीज कशालाही त्याने दात लावलेला नाही. आज चहानंतर उघडतो तर पात्याला खाच, आणि खाचेत काळपट चमक. शिसे! मुलांना आयुष्यभर रामः रामौ रामाः शिकवणाऱ्या निरुपद्रवी मनुष्याच्या अडकित्त्याने शिसे कापले जावे? आरोपी आत भाकरी थापत होती. "छर्रा कापून आत बघायचा होता. पक्कड कुठं घातलीय तुम्ही, सापडली असती तर कशाला हात लावते?" — म्हणजे दोष पुन्हा फिर्यादीचाच. पश्चात्ताप शून्य.

आरोपी म्हणजे सौ. मल्लव्वा. वय चव्वेचाळीस, माहेर अक्कलकोटकडचे, रागावली की कानडीत आणि फारच रागावली की गप्प. पासष्टच्या लढाईत बायकांना बंदूक शिकवायचा वर्ग निघाला. आमच्या गल्लीतून अकरा जणी गेल्या. लढाई संपली, दहा जणी घरी परतल्या. ही अजून परतायची आहे! दर रविवारी पदर खोचून क्लबात उभी — हवेची बंदूक, शिशाचा छर्रा, दहा मीटरवर पोस्टकार्डाएवढे निशाण. अख्ख्या जिल्ह्यात तिच्या तोडीची बाई नाही. (पुरुषही दोनच. पण हे तिला सांगायचे नाही.)

आता खरी अडचण. दहा मार्चला पुण्यात राज्याची निवड आहे. चाळीस गोळ्या, चारशे गुण. तीनशे साठ पडले तर संघात. मल्लव्वा तीनशे बावन्नच्या आसपास येऊन अडते. कारण एकच — दहातले नऊ छर्रे काळ्या गोलाच्या पोटात एकमेकांना चिकटून, आणि एक कुठे तरी लांब. दुसऱ्याच कुणी झाडल्यासारखा! कधी चौथा, कधी आठवा. नेम नाही. परदेशी छर्ऱ्यांचा डबा दिवाळीतच संपला. आयातीचे परवाने बंद, नवा मिळत नाही. बाजारातले आपल्याकडचे डबे उघडावेत तर निम्मे चेपलेले, उरलेले कुणी जाडे कुणी बारीक.

"छर्राच वाकडा असतोय," मल्लव्वा म्हणाली. "माझा हात नाही."

माझा तिच्यावर विश्वास आहे. मी तिथल्या तिथे जाहीर केले — छर्रे घरी करू! कसे करतात ते ठाऊक नाही. पण मी एका आठ पानी साप्ताहिकाचा सोलापूरचा वार्ताहर आहे. ठाऊक नसलेले जाहीर करण्याची सवय आहे.

२२ जानेवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर सिद्रामप्पाकडे गेलो. त्याचे लेथ मशीन आहे, मागांचे सुटे भाग करतो. हातात कायम ग्रीस, तोंडात कायम पान. जुना परदेशी छर्रा दाखवला — पुढे निमुळता, मागे रुंद, बुडाशी खोलगट. "असे सहा एकदम ओतता येतील असा साचा हवा."

त्याने छर्रा डोळ्यापाशी नेला, मग माझ्याकडे पाहिले. "सर, कुणाला मारायचंय?"

"कुणाला नाही. कागदाला."

"कागदाला मारायला एवढा खर्च? कागद फाडून टाका की!"

तरी करून देतो म्हणाला. साचा लोखंडी, दोन पाकळ्यांचा, बिजागरीचा. शिवाय एक जाड पट्टी, तिला बरोबर मापाचे भोक. ओतलेला छर्रा त्यातून दाबून काढायचा म्हणजे सगळ्यांची कंबर एक. "आठ दिवस लागतील. घाई केली तर तुमचं संस्कृत चुकतंय का नाही? तसं माझं मशीन चुकतंय."

२६ जानेवारी, शनिवार

झेंडावंदन, लाडू, भाषणे. त्यानंतर छापखान्यात गेलो. शिशाचा शोध मी बुद्धीने लावला! साप्ताहिक जिथे छापतात तिथे अक्षरांचे झिजलेले खिळे एका पिंपात टाकतात. संपादकांनी तीन शेर दिले. घरी आणून जमिनीवर ओतले. मोडका ज्ञ, पाय तुटलेला र, ढीगभर अनुस्वार. मल्लव्वा म्हणाली, "एवढं लिहूनपण शिल्लक राहिलंय?"

२९ जानेवारी, मंगळवार

साचा आला. एक दिवस आधी! सिद्रामप्पाचे मशीन चुकले नाही. चुकलो मी.

परसात शेगडी पेटवली. लोखंडी पळीत माझी अक्षरे वितळली — क आणि ख यांतला भेद पाहता पाहता नाहीसा झाला, अद्वैतच म्हणायचे. ओतले. छर्रे निघाले पांढरेशुभ्र, कडक, टोकदार. मी खूश! शेजारच्या केराबाई कुंपणावरून डोकावल्या. "काय तळायलाय हो मास्तर? वास येईना कसला."

"अनारसे," मल्लव्वा म्हणाली.

केराबाई बराच वेळ उभ्या होत्या. आशेने.

३ फेब्रुवारी, रविवार

फजिती. क्लबात जोतीराम सुभेदार शिकवतात — पलटणीतून निवृत्त झालेले, सांगोल्याकडचे, मिशा अजून नोकरीत. पहिला छर्रा नळीत गेलाच नाही. दुसरा अंगठ्याने रेटून घातला, तो आतच बसला. सुभेदारांनी सळईने ठोकून काढला, नखाने ओरखडून पाहिला. ओरखडा उठेना.

"गुरुजी, ह्ये शिसं कुटलं?"

सांगितले.

"आवो, खिळ्यात शिशाबरुबर दुसरं लई काय काय असतंय. कागुद छापून छापून झिजू नये म्हनून कडक करत्यात. आपल्याला मऊ पायजे. नळीच्या आतल्या आट्या छर्ऱ्यात रुतल्या तरच त्यो फिरत जातोय की. तुमची अक्षरं लई ताठ हायती!"

सगळा क्लब हसला. मल्लव्वा सगळ्यांत मोठ्याने. घरी येताना टांग्यात पुन्हा आठवून हसली. "लई ताठ हायती!"

५ फेब्रुवारी, मंगळवार

भंगारवाला महिपती याच्याकडून जुन्या टेलिफोन केबलवरचे शिशाचे आवरण. नख लावले की खूण उठते. हेच ते! उरलेली अक्षरे छापखान्यात परत केली. संपादक म्हणाले, "लेख परत येतात तसे खिळेही परत आले का?"

७ फेब्रुवारी, गुरुवार

आता पद्धत बसली. इथे लिहून ठेवतो.

साच्याच्या पाकळ्या आधी दिव्यावर धरून काजळी बसवायची, म्हणजे छर्रा चिकटत नाही. शिसे वितळले की मेणबत्तीचा तुकडा टाकायचा. मळ वर येतो, तो काढून टाकायचा. पहिले चार-पाच घाणे सुरकुतलेले निघतात — साचा थंड असतो म्हणून — ते पुन्हा पळीत. पाण्याचा थेंब जवळपास नको, शिसे उडते. ओतायचे एका धारेत, न थांबता. मी ओतले की मधे हात थांबतो आणि छर्ऱ्याच्या पोटात हवा राहते. मल्लव्वा ओतते ती सरळ धार. "आमटी वाढल्यासारखं वाढायचं," म्हणते. त्यामुळे ओतणे तिच्याकडे. ओतताना राहिलेल्या शेपट्या कापणे, पट्टीतून दाबून काढणे आणि टीका करणे माझ्याकडे.

आज एकशे वीस केले. अडतीस नापास. माझ्या दहावीच्या वर्गापेक्षा निकाल बरा!

९ फेब्रुवारी, शनिवार

वजन. ओळखीच्या सोनाराने त्याचा जुना काटा दिला आहे. एका पारड्यात प्रमाण छर्रा — सर्वांत सुबक म्हणून निवडलेला, मी त्याला पंतोजी म्हणतो — दुसऱ्यात परीक्षार्थी. फरक किती ते मोजायला वजने कुठून आणायची? सोनाराच्या लहानात लहान वजनापेक्षाही हा फरक बारीक! संक्रांतीचे तीळ उरले होते. एक तीळ टाकला की काटा सरळ होतो तो छर्रा 'एकतिळी'. दोन लागले तर 'दोनतिळी'. न टाकताच सरळ, तो 'सम'. तीन डब्या केल्या. पूर्वीचे लोक उन्हाच्या कवडशातल्या धुळीच्या कणापासून मापे सुरू करत. मी तिळावर थांबलो. अर्वाचीन माणूस आळशी.

मुलीचे टेंभुर्णीहून पत्र. "आईला या वयात बंदूक शोभते का, सासूबाई विचारत होत्या." मल्लव्वाने उत्तर सांगितले, मी लिहिले — "सासूबाईंना म्हणावं, या, शिकवते."

१० फेब्रुवारी, रविवार

मऊ छर्रे, सगळे सम. नऊ एकाच भोकात मावतील इतके जवळ! दहावा चारच्या वर्तुळात.

चार वेळा दहा. चारही वेळा एक बाहेर. तीनशे त्रेपन्न.

मल्लव्वा निशाण हातात घेऊन पाहात राहिली. "बघा. यातला एक वाकडा होताच."

होता असणार! वजन सारखे म्हणजे आकार सारखा असे थोडेच आहे?

१३ फेब्रुवारी, बुधवार

आकार तपासायची युक्ती सुभेदारांनी सांगितली. काच तिरकी ठेवून छर्रा वरून सोडायचा. पुढे बारीक, मागे रुंद, म्हणून तो वळण घेत घरंगळतो. ज्यांचे वळण एक ते एकाच जागी पोचतात. जो भलतीकडे जाईल तो बाद.

काच हवी. सासरेबुवांच्या तसबिरीची काढली. काचेविना सासरेबुवा प्रथमच मोकळेपणी हसताना दिसले. मल्लव्वाला पटले नाही. "अप्पांची काच? अप्पांची?"

"लेकीच्याच कामाला आली ना?"

"तुमच्या बाबांची का नाही काढलीत?"

"ती फुटकी आहे."

ती कानडीत काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. पण मग समोर बसली आणि छर्रे सोडू लागली. दोघे दोन बाजूंना, मधे काच. तासभर! एक छर्रा सरळ शेगडीखाली गेला, तर म्हणाली, "हा तुमच्यासारखा. सांगितलं तिकडं जात नाही."

छान गेली संध्याकाळ.

१७ फेब्रुवारी, रविवार

तीनशे एक्कावन्न. एक बाहेर, एक बाहेर, एक बाहेर, एक बाहेर.

२० फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. विचार केला आणि दोष सापडला — तीळ! तीळ कुठे एकसारखे असतात? लहानमोठे तीळ टाकून मी समविषम ठरवत होतो. आज मूठभर तीळ पसरून आधी तीळच निवडले. मल्लव्वा देवळातून आली आणि दारातच उभी राहिली. "उपासाच्या दिवशी तीळ मोजायलाय? तब्येत बरी आहे ना तुमची?"

माझी उत्तम आहे.

२३ फेब्रुवारी, शनिवार

झाले! दोनशे चाळीस ओतले, शंभर निवडले. एकाच पळीतले शिसे, एकाच साच्यातले, वजनाला सम, काचेवर एका जागी येणारे. जुळ्यांतही एवढे साम्य नसते. प्रत्येकाला तेलाचे बोट लावून कापसावर मांडले. मल्लव्वा म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत बसल्यासारखं वाटतंय."

२४ फेब्रुवारी, रविवार

तीनशे चोपन्न. एक बाहेर.

परतताना टांग्यात ती म्हणाली ('अहो'ला ती कानडी 'री' म्हणते), "राहू द्या री. झालं तेवढं पुष्कळ. जमत नाही म्हणजे जमत नाही."

मी म्हटले, छर्ऱ्यात काही तरी राहिले आहे. शोधतो.

"तुमचा लई जीव त्या छर्ऱ्यांत."

हिला तीनशे साठ पडलेले मला पाहायचे आहेत. पुण्याच्या पाटीवर खडूने लिहिलेले, हिच्या नावापुढे. एवढेच. नऊ वर्षे ही बाई घरचे सगळे आवरून निघते आणि कुणी विचारले तर म्हणते, "जरा जाऊन येते." जणू भाजीला चालली आहे! एकदा तरी सर्वांना कळावे कुठे जात होती ते.

१ मार्च, शुक्रवार

विजय! विजय!

सिद्रामप्पाला अडचण सांगितली. तो पान थुंकून आला आणि म्हणाला, "सर, तुमी छर्ऱ्याची परीक्षा घ्यायलाय, पण मधी बाई उभ्या. मशीनची परीक्षा घेताना आमी माणूस बाजूला काढतो की."

साधी गोष्ट! माझ्या डोक्यात आली नव्हती. क्लबातून बंदूक आणली. सिद्रामप्पाने ती कपड्यांत गुंडाळून बाकावरच्या शिकंज्यात आवळली. दहा मीटरवर, भिंतीला पोत्याआड कागद. बंदूक तीच, छर्रे त्या शंभरातले. माणूस नाही. मी फक्त बोटाने घोडा दाबायचा.

दहा छर्रे. एक भोक! सिद्रामप्पाने दोन आण्यांचे जुने चवलीचे नाणे ठेवून पाहिले — दहाही नाण्याखाली झाकले गेले. पुन्हा दहा. पुन्हा तसेच. चाळीस झाडले, एकही बाहेर नाही. एकही!

"हौदु! खरंच की!" सिद्रामप्पा ओरडला. "सर, छर्ऱ्याला मानपत्र द्या!" लेथवरचे कारागीर जमले. चहा आला, भजी आली. मी चारही कागद घडी घालून खिशात घेतले आणि चालतच घरी आलो. वाटेत दोन विद्यार्थ्यांनी नमस्कार केला, मी सलाम ठोकला म्हणे.

मल्लव्वापुढे कागद पसरले. "बघ! एकही वाकडा नाही! छर्रे निर्दोष आहेत!"

तिने चारही कागद उजेडाकडे धरून पाहिले. एका भोकातून माझ्याकडे पाहिले. "छान झालं की. एवढं राबलात."

मग कागद घडी घालून परत दिले. "म्हणजे माझंच काही तरी आहे."

हे माझ्या लक्षात आलेच नव्हते. खरे सांगतो, चालत येताना मैलभर रस्त्यात एकदाही आले नव्हते.

३ मार्च, रविवार

सुभेदारांना कागद दाखवले. त्यांनी छर्ऱ्यांची तारीफ केली आणि मग तासभर मल्लव्वाशेजारी स्टुलावर बसून राहिले. निशाणाकडे पाहिलेच नाही. फक्त तिच्याकडे आणि नळीच्या टोकाकडे.

तीनशे बावन्न.

ती हात धुवायला गेल्यावर मला बाजूला घेतले. "गुरुजी, बाईंचा हात दगडावानी हाय. श्वास बरुबर, बोट बरुबर. डोळं मिटत न्हाईत. पर ऐका. बंदूक खांद्याला लावली की नळीचं टोक काळजाच्या ठोक्याबरुबर हलतंय, दोऱ्याएवढं. मुरलेला माणूस दोन ठोक्यांच्या मधी घोडा वडतो. बाई बी तसंच करत्यात. त्यांना म्हाईत बी नसंल, पर करत्यात. मी आज टोक बघत व्हतो. नऊ डाव बरुबर मधी. धाव्या डावाला मधीच टोक उडालं. ठोका यायचा न्हवता तवा आला."

मी म्हटले, घाबरल्यामुळे होत असेल. निवड जवळ आली आहे.

"व्हय, आसंल की," म्हणाले. पण मिशीवरून हात फिरवत राहिले. "नाडी बगा एकदा. तुमी बगा, मी न्हाय. परक्या माणसानं बगितली तर त्या भित्याल."

टांग्यात मल्लव्वा म्हणाली, "काय सांगत होते सुभेदार?"

"छर्ऱ्यांना थोडे जास्त तेल लावा म्हणाले."

४ मार्च, सोमवार

दुपारी ज्वारी निवडत बसली होती. जवळ जाऊन मनगट धरले. "काय करायलाय री?" म्हटले, भविष्य बघतो. हसली, हात तसाच ठेवला, दुसऱ्या हाताने निवडत राहिली.

दोनशे ठोके मोजले. वृत्तात कमी पडलेली मात्रा माझ्या कानाला कळते, बोटाला कळायला वेळ लागला. सात-आठ सरळ जातात, मग एक आगाऊच येतो, अगदी हलका, मग रिकामी जागा, मग एक धक्का दिल्यासारखा. दोनशेत तेवीस वेळा.

"काय निघालं भविष्य?"

म्हटले, पुण्याचा योग आहे.

तशी ज्वारीवरून डोळे न काढता म्हणाली, "दिवाळीपासून असं होतंय. तुम्ही छर्रे करायला एवढे खूश होता, म्हणून बोलले नाही."

उद्या शाळेत रजा टाकून तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेतो. निवड होवो न होवो. मला फार भीती वाटते.